कापसाच्या वाटेने गावफेरी : विदर्भातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात बाजाराचं गाव असलं, की तिथं विटांचं एखादं उंच धुराडं असतं. ते पाडलं असलं, तरी त्या जागेला लोक अजून 'जुनी जिनिंग' म्हणतात. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, आणि सरकी काढलेल्या कापसाच्या, म्हणजे रुईच्या, गाठी जिथं बांधतात तो प्रेस. आत बाभळी माजलेल्या असतात, छपराची टिनं उडालेली असतात आणि गावातली पोरं तिथल्या भिंतीवर स्टंप आखून क्रिकेट खेळतात. विदर्भाचं खेडं म्हणजे नुसती शेती, असं सहज बोललं जातं तेव्हा ही भिंत बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते. इथं वाफेवर चालणारे कारखाने होते, पाळ्या होत्या, भोंगा होता. त्या कामावर वाढलेली घरं आजही गावात आहेत. हे सगळं पायी फिरून बघता येतं आणि बघायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. अशा फेऱ्यांमध्ये लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे.

ही फेरी नेमकी कशाची?

गावात माल तयार होण्याच्या जागांची. कापसाचा बाजार, काटा, जिनिंग, प्रेस, वखार, तेलघाणी, विणकरांची वस्ती, आणि जवळ स्टेशन असेल तर तिथला मालधक्का. रमतगमत दोन-अडीच तास लागतात. तिकीट नाही, माहितीचे फलकही नाहीत. म्हणून गावातलंच कुणीतरी जाणतं माणूस सोबत असावं.

पण खेड्यापाड्यात कारखाने आले कसे?

कापूस इथं आधीपासून होताच. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांचं लक्ष इथल्या काळ्या जमिनीकडे वळलं. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, भाव कडाडले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची माणसं वऱ्हाडात फिरू लागली. त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळकडून पुढे सरकत होती. १८६७ साली ती नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव. खामगावची बाजारपेठ एवढी मोठी होती, की जलंबपासून तिथवर रेल्वेचा वेगळा फाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. अमरावतीकडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जायचा.

आता कारखाना गावातच का? शेतातून आलेल्या कापसात वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश सरकी असते, आणि तो फुललेला असल्यामुळे जागा भरपूर खातो. असा माल तसाच शेकडो कोस नेणं कुणालाच परवडत नाही. सरकी वेगळी करायची, रुई दाबून तिची गाठ बांधायची आणि मगच ती गाडीत चढवायची. म्हणून कापडाच्या गिरण्या मुंबईला, नागपूरला, हिंगणघाट-पुलगावला उभ्या राहिल्या. जिनिंग मात्र बैलगाडी एका दिवसात पोचेल अशा बाजाराच्या गावी आली. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तीही कापसाच्या जवळ जाण्याच्या हिशेबानेच. बॉयलरला लागणारा कोळसा वरोऱ्याच्या खाणीतून मिळायचा. वर्ध्याहून वरोऱ्याकडे जाणारी रेल्वे १८७० च्या दशकात टाकली गेली ती मुख्यतः या कोळशासाठी. ती खाण १९०६ साली बंद झाली.

भांडवल मारवाडी-कच्छी व्यापाऱ्यांचं, मुंबईच्या कंपन्यांचं, आणि काही गावांत तिथल्याच देशमुख-पाटलांचं. कष्ट गावाचे.

फेरी कुठून सुरू करावी?

बहुतेक जण थेट धुराड्याकडे निघतात, कारण ते लांबून दिसतं. मी तसं करू देत नाही. कापूस ज्या क्रमाने गावात यायचा आणि गावाबाहेर जायचा, त्याच क्रमाने चालायचं. तसं चाललं की प्रत्येक इमारत तिथंच का आहे, हे सांगावं लागत नाही.

म्हणजे सुरुवात गावाबाहेरच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरापासून. वेचणीला पहिल्यांदा हात घालायच्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा करतात, ती कधी बघायला मिळाली तर चुकवू नका. तिथून बैलगाडीच्या जुन्या रस्त्याने बाजाराकडे. वाटेत विहीर आणि मोठी झाडं भेटतात. हंगामात गाड्या रात्री तिथं सुटायच्या. मग कापूस बाजार. हर्रास व्हायचा तो ओटा, अडत्यांच्या गाद्या असलेली दुकानं, मापाऱ्याचा काटा. काट्यापासून जिनिंगचं फाटक जवळच असतं. आत सरकी एका बाजूला निघायची आणि रुई दुसऱ्या बाजूला. रुई प्रेसमध्ये, गाठ वखारीत, वखारीतून मालधक्क्यावर. सरकी तेलघाणीला किंवा पुन्हा गोठ्यात.

या वाटेवर एक गोष्ट नीट बघा. कापूस स्टेशनावरून बाहेर गेला आणि कापड त्याच स्टेशनावर उतरलं. कापूस पिकवणारं गाव रुईच्या पुढे फारसं गेलंच नाही. हा तुटलेला दुवा मालधक्क्यावर उभं राहिलं की जितका स्वच्छ समजतो, तितका कुठल्याही भाषणातून समजत नाही.

जिनिंगच्या आवारात काय काय ओळखायचं?

पहिलं म्हणजे मोकळं मैदान. ते रिकामं दिसतं म्हणून लोक ओलांडून पुढे जातात, पण कारखान्याचं निम्मं काम इथंच चालायचं. कापसाच्या गंज्या इथं लागायच्या, ओला माल इथं वाळायचा, कवडी, म्हणजे खराब कापूस, इथंच निवडून बाजूला काढायचे.

मग लांबलचक जिनघर. भिंती जाड, खिडक्या उंचावर, छप्पर टिनाचं किंवा मंगलोरी कवेलूंचं. जुन्या इमारती पुष्कळदा दुमजली असतात. वरच्या मजल्यावर जिनची रांग आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी शाफ्ट. भिंतीत ओळीने राहिलेली भोकं आणि बिडाचे कंस दिसले, तर शाफ्ट तिथून जायचा असं समजा. प्रत्येक यंत्राला त्या शाफ्टवरून चामड्याचा पट्टा.

जिनघराला लागून इंजिनघर आणि बॉयलरघर. बॉयलर गेला असला तरी तो बसवलेला विटांचा ओटा राहतो. लँकेशायर पद्धतीच्या आडव्या बॉयलरला आतून दोन नळ्या असतात, त्यामुळे त्याचा ओटा लांब आणि रुंद असतो. ओट्यापासून धुराड्यापर्यंत जमिनीखालून धुराचा बोगदा जातो. त्याचं तोंड आता बहुतेक बुजलेलं असतं. पुढे वाफ जाऊन तेलावरचं इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. एकाच भिंतीवर या तिन्ही काळांच्या खुणा सापडू शकतात.

पाण्याचा हौद आणि मोठी विहीर सहसा चुकत नाही. बॉयलरला पाणी लागायचंच, पण आगीची भीती त्याहून मोठी होती. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला आणि तो यंत्रात सापडला, की ठिणगी. गाठीला लागलेली आग वरून विझली तरी आतून धुमसत राहते. म्हणून जिनघर, प्रेस आणि वखार यांच्यात मुद्दाम अंतर सोडलेलं असतं.

यंत्र शिल्लक असेल तर त्याच्या बिडाच्या अंगावर ओतीव अक्षरं शोधा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने बनवलेली जिन यंत्रं हिंदुस्थानात मोठ्या संख्येने आली होती. लँकेशायरमधल्या ओतशाळेचं नाव आपल्या गावच्या बाभळीखाली वाचताना हा व्यवहार केवढा लांबवर पसरला होता, ते एकदम समोर येतं.

सरकी निघायची कशी?

इथं चालायचं ते रोलर जिन. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० साली त्याचं पेटंट घेतलं. चामडं बसवलेला एक रूळ फिरत असतो आणि त्याला जवळजवळ टेकून एक स्थिर पातं असतं. रूळ कापसाचे तंतू धरून पात्याखालून ओढून नेतो. सरकी जाड, तिला त्या फटीतून जाता येत नाही. दुसरं पातं खालीवर हलत तिला धक्के देतं आणि ती तंतूंपासून सुटून खाली पडते. तंतू तुटत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण. आजच्या डबल रोलर जिनमध्येही हेच तत्त्व आहे. रूळ दोन झाले, वेग वाढला आणि कापूस हाताने भरायचा तो आपोआप पडू लागला.

एका गाठीला किती कापूस लागतो?

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. आजची गाठ १७० किलोची, म्हणजे तिला अंदाजे पाच क्विंटल कापूस. व्यापारी भाव अजूनही खंडीवर बोलतात. एक खंडी ३५६ किलोची.

प्रेस वेगळी का? आणि गाठींवरचे आकडे कसले?

रेल्वेच्या डब्यात आणि जहाजात जागा मोजून पैसे पडतात. सुटी रुई नेली तर भाडं हवेचंच भरावं लागेल. प्रेसमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या रुई दाबून घट्ट चौकोनी गाठ करतो. तिला गोणपाट गुंडाळून लोखंडी पट्ट्या आवळतात. म्हणून प्रेसघराची इमारत जिनघरापेक्षा उंच असते आणि तिथं जमिनीत खोल खड्डा असतो. हा खड्डा नेमका कुठं आहे हे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

आकड्यांमागे कायदा आहे. रुईत भेसळ, ओल, हलका माल मिसळण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९२५ साली कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांसाठी कायदा झाला. प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक टाकणं सक्तीचं झालं. गाठ जगात कुठंही उघडली, तरी ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली ते कळावं म्हणून. ही अक्षरं कोरलेले पत्र्याचे साचे एखाद्या जुन्या कचेरीच्या कपाटात अजून सापडू शकतात. सापडले तर फोटो काढा आणि मालकांना सांगा, की हे भंगारात देऊ नका.

तिथं काम कोण करायचं?

माझ्या मते सगळ्या फेरीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

जिनवर कापूस भरायच्या त्या बाया. एकेका यंत्रामागे एकेक बाई, पुढ्यात कापसाचा ढीग, आणि हात सतत फिरत्या रुळाजवळ. हवेत तंतू आणि धूळ इतकी, की तोंडाला पदर बांधूनच काम. सरकी उचलणं, कापूस वाहणं, कवडी निवडणं हीही कामं बायांचीच. बॉयलरवर, इंजिनवर आणि प्रेसवर पुरुष. गाठी उचलायला हमाल, आणि सगळ्यांच्या वर मुकादम. काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत चालायचं. ज्या बाया सकाळी वावरात वेचणी करायच्या, त्यांच्यातल्याच काही हंगामात जिनिंगमध्ये रात्रपाळीला दिसायच्या.

कायद्याने या मजुरांकडे उशिरा पाहिलं. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. त्यात वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. जिनिंग हंगामी, म्हणजे तिथल्या बायामुलांना त्या कायद्याचा आधारच नव्हता. हंगामी कारखाने कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने.

गावात फिरताना मालकाच्या बंगल्याची गोष्ट सगळे सांगतात. जिनवर कापूस भरणाऱ्या बाईचं नाव कुणी सांगत नाही. फेरीत तिच्या वस्तीतूनही जा, तिथं थांबा. मजुरांच्या वस्त्या गावाच्या कोणत्या टोकाला आहेत आणि तिथं पाणी कुठून यायचं, हेही या वारशातच मोडतं.

यंत्र यायच्या आधी काय होतं?

घराघरात लाकडी रेचा. दोन रुळांत कापूस धरायचा, हाताने फिरवायचा, सरकी मागे राहायची. पुढे पिंजारी धनुकलीने रुई पिंजायचा, बाया सूत काढायच्या, आणि कोष्टी ते विणायचे. महार समाजातली अनेक कुटुंबंही जाडंभरडं कापड विणत असत. मध्य प्रांत-वऱ्हाडातला हा त्यांचा मोठा धंदा होता. गिरणीचं सूत आणि विलायती कापड आल्यावर तो बसला आणि त्यातली बरीच माणसं गिरण्या-जिनिंगच्या मजुरीकडे वळली. म्हणून विणकरांची आळी फेरीतून वगळू नये. तिथं माग उरला नसला, तरी मागासाठी घरात खणलेला खड्डा कुठं होता ते लोक दाखवतात.

शकुंतला रेल्वे बघता येईल का?

गाडीत बसून नाही. या मार्गावरची नियमित वाहतूक बंद आहे. स्टेशनं आणि काही ठिकाणी रूळ बघता येतात.

मूर्तिजापूर हे तिचं जंक्शन. एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. रुळांतलं अंतर अडीच फूट. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली हा मार्ग उभा राहिला तो यवतमाळ-अचलपूरकडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हा मार्ग खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाड्या मात्र मध्य रेल्वे चालवायची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत इथं धावलं, मग डिझेल आलं. पुलगाव-आर्वी हाही याच जातीचा छोटा मार्ग.

गावोगावच्या लोकांचा या गाडीवर फार जीव होता. दवाखाना, कॉलेज, लग्नाची वऱ्हाडं सगळं तिच्यावर, आणि भाडंही गरिबाला परवडणारं. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोक अजून आग्रह धरतात, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे. बंद स्टेशनावर गेलात तर मालधक्का आणि जिनिंग यांच्यातलं अंतर पावलांनी मोजा. रुळाचे खिळे, बोल्ट 'आठवण' म्हणून उचलून आणू नका.

इतक्या जिनिंग बंद का पडल्या?

एकच कारण नाही. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. पणन महासंघाची खरेदी केंद्रं जिनिंगच्याच आवारात लागायची. गाड्यांच्या रांगा, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी हुज्जत, आणि महिनोन्महिने अडकलेला चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हे आज साठीच्या पुढच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जिनिंग या काळात सरकारचा माल काढून देणारी झाली. २००० नंतरच्या काही वर्षांत ही योजना मोडली.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यातून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. आपोआप भरणारी यंत्रं, पट्ट्यावरून सरकणारा कापूस, एकाच आवारात जिन आणि प्रेस. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं हे काम शिकवलंही जातं. रुई स्वच्छ झाली हे खरंच चांगलं झालं. पण नव्या जिनिंग हमरस्त्यावर गेल्या आणि गावातल्या जुन्या जागी घरांचे ले-आऊट पडू लागले. भाऊबंदकीत अडकलेली आवारं तेवढी तशीच उभी आहेत. खरं सांगायचं तर कोर्टातल्या वादांनी जितकी धुराडी वाचवली, तितकी कुठल्या संवर्धनाने वाचवलेली नाहीत.

गांधीजींच्या ग्रामोद्योगाचा याच्याशी काय संबंध?

जवळचा. जिनिंगचा धंदा ज्या वर्ध्यात जोरात होता, त्याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांच्या घराण्याचा व्यवहारही कापसाचाच होता. संघाचं काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्यातल्याच मगनवाडीतून उभं केलं. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशा. कच्चा माल पिकतो तिथंच तो पक्का व्हावा आणि त्याची मजुरी गावातच राहावी, हे त्यांचं म्हणणं. मालधक्क्यावर जो तुटलेला दुवा दिसतो, तो जोडायचाच हा प्रयत्न होता. म्हणून मी जिनिंगच्या फेरीला वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची जोड देतो. गांधीजींच्याच हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी ते सुरू झालं. तिथले चरखे जिनिंग बघून आल्यावर पाहिले तर ते नुसते पूजेचे राहत नाहीत, त्यांचा मुद्दा समजतो.

आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. मग?

मग आपली वाट वेगळी. भंडारा-गोंदियात धानाच्या गिरण्या आणि तेंदूपत्ता-बिडीचे कारखाने. भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग, चिखला, आणि नागपूरकडे मनसर, कांद्री इथं मँगनीजच्या खाणी. त्या भागात हे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं. गडचिरोली-भंडाऱ्याकडे कोसा, म्हणजे रानातलं रेशीम. तत्त्व तेच ठेवा. माल जिथं निघतो तिथून जिथं गाव सोडतो तिथवर चालायचं. चालू खाणीत मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही.

आत जायला परवानगी लागते का?

हो. बंद पडलेलं आवारही कुणाच्या तरी मालकीचं असतं. मालक शहरात राहत असले तर चौकीदार असतो. आदल्या दिवशी जाऊन भेटा, किती माणसं येणार ते सांगा. मालकांना बहुतेक वेळा एकच काळजी असते, की कुणाला इजा होईल आणि नाव त्यांचं होईल. ती काळजी रास्त आहे. चालू जिनिंगमध्ये व्यवस्थापकाने सांगितलेल्या रेषेच्या आतच उभं राहा. बिडी-सिगारेट, काडेपेटी फाटकाबाहेर ठेवा. यात सवलत नाही.

कधी यावं आणि काय सोबत आणावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी. कापूस तेव्हा गावात असतो. मार्चपासून ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात पडक्या भिंतींजवळ जाणं धोक्याचं. गवतात साप, उघड्या विहिरी, गंजलेले पत्रे. बंद बूट, पूर्ण बाह्या, दुपट्टा, पाणी. चालू जिनिंग बघणार असाल आणि दम्याचा त्रास असेल तर तोंडाला मास्क लावा, किंवा बाहेरूनच बघा.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं असेल तर कसं?

घाई न करता, आणि मोबाइल पुढे न धरता. आधी राम राम, आपण कोण, कोणत्या गावचे. वऱ्हाडात हे झाल्याशिवाय गप्पा रंगत नाहीत. त्यांना काकाजी, आजी म्हणा. "तुमचं शोषण झालं का?" असा प्रश्न टाकला तर समोरची आजी गप्प होते. "आजी, भोंगा केव्हा वाजे जी? लेकरं कुठं ठेवत होत्या तुम्ही?" असं विचारलं की ती स्वतःच सगळं सांगते. पाळीला जाताना शिदोरी काय असायची, मुकादम कसा होता, कुणाचा हात यंत्रात गेला, हप्ता कुठल्या वारी मिळायचा. हाताला झालेली इजा ती दाखवत असेल तर फोटो काढू नका. आवाज टिपून घ्यायचा तर विचारून घ्या, आणि नंतर तिच्या नातवाकडे त्याची प्रत द्या. ती पिढी आता फार थोडी उरली आहे. इमारती अजून दहा वर्षं उभ्या राहतील. आधी माणसांकडे जा.

शाळेच्या मुलांना न्यावं का?

अवश्य. पाचवीच्या पुढची मुलं, आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस. पडक्या इमारतीत त्यांना नेऊ नका. बाजार, काटा आणि चालू जिनिंग पुरेसं आहे. त्यांच्या हातात मूठभर कापूस द्या आणि सरकी बोटांनी सोडवायला सांगा. एका मुठीला किती वेळ लागतो हे कळलं, की यंत्राची किंमत समजते.

जुनी कागदपत्रं कुठं मिळतील?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जिल्हा गॅझेटिअरांत जिनिंग-प्रेसिंगची माहिती येते. ती सरकारी संकेतस्थळावर आणि जिल्हा ग्रंथालयात सापडतात. बाजार समितीची जुनी दप्तरं, तलाठ्याकडचा नकाशा, सिटी सर्व्हेचा उतारा. पण सर्वांत जास्त माहिती अडत्यांच्या घरच्या वह्यांत असते, आणि त्या वह्या दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. दसऱ्याच्या आधीच त्यांच्याकडे एक चक्कर मारा.

या इमारतींना सरकारी संरक्षण आहे का?

जुनी आहे एवढ्यावर कुठलीही इमारत संरक्षित होत नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या यादीत तिची रीतसर नोंद व्हावी लागते. जिनिंगचा विचार अशा याद्यांत फारसा होत नाही. तोवर हातात आहे ते एवढं : मालकांशी चांगले संबंध ठेवणं, ग्रामसभेत ठराव मांडणं, मोजमाप आणि फोटो घेऊन ठेवणं. धुराडं पाडायची वेळ आलीच, तर निदान यंत्रावरची पाटी, भोंगा आणि गाठींचे साचे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आणून ठेवा. ते कुठून आणले आणि कुणी दिले, हे सोबत लिहून ठेवायला विसरू नका.

आमच्या गावात जिनिंगचा मागमूसच उरला नाही. फेरी कशी काढायची?

जागा उरतेच. सात-बाऱ्यावर किंवा लोकांच्या तोंडी 'जिन प्लॉट' नाव असतं, ले-आऊटच्या मधोमध अवाढव्य विहीर असते, एखाद्या घराच्या कुंपणात गाठींच्या लोखंडी पट्ट्या वापरलेल्या असतात, आणि नव्या घराच्या पायात धुराड्याच्या विटा गेलेल्या असतात. आधी गावातल्या चार वयस्क माणसांना एकत्र बसवा आणि जमिनीवर खडूने नकाशा काढायला लावा. फाटक कुठं, काटा कुठं, भोंगा कोणत्या बाजूने ऐकू यायचा. त्यांचं एकमेकांशी पटणार नाही, ते वाद घालतील, तो वाद होऊ द्या. नकाशा ठरला की त्यांनाच पुढे करून त्या वाटेने चाला. ले-आऊटमधल्या घरांना आधी निरोप द्या, म्हणजे विहिरीपाशी जायला कुणी अडवणार नाही.